पाच हजारात एकच रॉड, आणि जिताडा पण काढायचाय

मी गळ-रॉडच्या दुकानात काउंटरवर असतो आणि मागच्या टेबलावर रीली, म्हणजे रॉडवरची लाइन गुंडाळायची चाकं, खोलून दुरुस्त पण करतो, म्हणजे आज विकलेला माल काही महिन्यांनी माझ्याच टेबलावर येतो. त्यामुळे बॉक्सवर किती बेअरिंग छापलेत याला मी काडीची किंमत देत नाही. यूट्यूबवाल्यांनी हे बेअरिंगचं खूळ लोकांच्या डोक्यात भरवलंय. आत मेन गिअर कच्च्या धातूचा असेल तर दहा बेअरिंग घालून काय उपयोग, पहिल्या मोठ्या माशाला दाते जातात.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या दिवसांत एक मावशी आल्या, मुंबईतल्या मढच्या, मासळी विकणाऱ्या. नवरा जन्मभर बोटीवर, आता गुडघे गेले, बोटीवर चढता येत नाही, पण खाडीच्या काठावर बसू शकतो. त्याला एकच रॉड हवा ज्यावर शिंगाळा, तांब, रावस सगळे मासे निघतील आणि पाऊस पडला की खाडीत जिताडा लागतो तो पण. पाच हजार रुपये, त्यावर एक रुपया नाही.

आमच्या शेठने लगेच बारा फुटी टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारा, सेट पुढे केला, रॉड-रील-लाइन सगळं 2,200. हे सेट मला बघवत नाहीत. सांध्यांमध्ये वाळू आणि मीठ बसतं, मग रॉड एकतर उघडत नाही नाहीतर उघडला तर बंद होत नाही. गाइड, म्हणजे लाइन जायच्या कड्या, मोजकेच, त्यामुळे सगळा ताण दोन-तीन ठिकाणी येतो. मी शेठसमोरच म्हणलं मावशी हा नको, शेठ चिडला, चिडू दे.

मी काढला आठ फुटी, दोन तुकड्यांचा, मिडियम म्हणजे मध्यम कडक, 10 ते 30 ग्रॅम वजन फेकणारा. कार्बन आणि ग्लास मिक्स, कारण बजेटमधला नुसता कार्बन हलका असतो पण खडकावर एकदा आपटला की चीर पडते आणि ती दिसत नाही, नंतर माशावर फटकन मोडतो. दोन तुकडे म्हणजे चार-चार फूट, खोलीच्या कोपऱ्यात उभा राहतो. 1,600. रील 4000 साइज, 2,450, पैसे जास्त तिथेच घातले कारण खाऱ्या पाण्यात आधी रील मरते. बाकीच्यात 20 पाउंड ओढ सोसणारी ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन, तिच्या टोकाला गळाजवळ बांधायचा 40 पाउंडचा लीडर, गळ, शिसं.

मावशींनी बॉक्सकडे बघितलं पण नाही. पहिला प्रश्न, "पोरा, ही बिघडली तर नीट कोण करणार?" एवढ्या वर्षांत गिऱ्हाईकाने विकत घेण्याआधी हे विचारलेलं मला आठवत नाही. मी ही रील निवडलीच त्यासाठी होती, त्याच मॉडेलच्या मेलेल्या रीली माझ्या डब्यात पडल्यात, बेलची, म्हणजे लाइन गुंडाळणाऱ्या तारेची, स्प्रिंग, हँडल, लाइन ज्यावरून सरकते तो रोलर सगळं त्यातून निघतं. हे ऐकून त्यांनी मान हलवली.

मग मी लाइन शटरच्या कडीतून फिरवून वजनकाट्याला बांधली, रॉड वाकवून ड्रॅग, म्हणजे मासा किती जोरात ओढला की लाइन सुटू द्यायची तो ब्रेक, लावून दाखवला. 20 पाउंड म्हणजे नऊ किलो, त्याच्या पाव, सव्वादोन किलोला लाइन सुटली पाहिजे. काटा मावशींनी धरलेला, त्यांना काट्यातलं मी काय शिकवणार. म्हणाल्या, "एवढ्यात जिताडा थांबत नाय, तो दगडात घुसतो." बरोबर आहे. पुढे तळहात लाइन गुंडाळलेल्या स्पूलला लावून दाबावं लागतं ते दाखवलं, आणि जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची धार किती कापते ते त्यांनी मला स्वतःच्या बोटावरचा जुना वण दाखवून सांगितलं, म्हणून 40 चा लीडर त्यांना लगेच पटला.

पाऊस संपल्यावर त्या रील घेऊन सर्व्हिसला आल्या. उघडली तर आत मीठ नाही, रोलर मोकळा, दर वेळी गोड्या पाण्याने धुतलेली. आणि महत्त्वाचं म्हणजे मागे फिरू न देणाऱ्या क्लचमध्ये कोणी ग्रीस भरलं नव्हतं, नाहीतर लोक घरी हौसेने ग्रीस कोंबतात आणि मग हँडल उलटं फिरतं म्हणून आमच्याशी भांडतात. फक्त स्पूलच्या काठाला दगडाचा ओरखडा होता, तो बारीक पेपरने घासला, तसाच राहिला असता तर ब्रेडेड तुटली असती.

रॉडबद्दल विचारलं तर म्हणाल्या, शिंगाळे आले, तांब आले, रावस पण आला. जिताडा दोनदा लागला, दोन्ही वेळा दगडात गेला, काका, म्हणजे त्यांचा नवरा, म्हणतात रॉडचं टोक मऊ आहे, वळवता येत नाही.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. मिडियम हेवी दिला असता तर जिताडा वळला असता, पण मग छोट्या तांबाचा टोचा हाताला कळला नसता आणि हलकं शिसं लांब गेलं नसतं, आणि घरात रोज शिजतात ते हेच मासे. एकच रॉड घ्यायचा तर मी आजही मिडियमच देईन. पण ज्याच्या हातात तो जाणार होता तो माणूस दुकानात आलाच नव्हता, आणि जन्मभर जाळं ओढलेल्या हाताला काय मऊ लागतं हे मी काउंटरवरून कसं ठरवणार? मावशींना सांगितलंय, रिक्षाचे पैसे मी देतो, काकांना एकदा घेऊन या, दोन्ही रॉड त्यांच्या हातात देऊन बघायचेत.