शिरोडकर परत येते का?

‘शाळा’ या चित्रपटावर बोलणे निघाले, मग ते अमळनेरला माझ्या वर्गात असो की जळगाव-धुळ्याच्या एखाद्या वाचनालयात, की एक प्रश्न हमखास येतो. मोठी माणसे तो आडवळणाने विचारतात आणि मुले सरळ विचारतात, “सर, मंग ती परत उनी का नही?” म्हणजे गाव सोडून गेलेली शिरोडकर, ही त्या चित्रपटातली मुलगी, शेवटी परत आली की नाही? आपणही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली. तिच्यावर सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट २०१२ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काळ आणीबाणीचा आहे. नववीतला मुकुंद जोशी वर्गातल्या शिरोडकरवर जीव लावतो. सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या हे त्याचे जिवाभावाचे मित्र. वर्ष संपते, शिरोडकरच्या वडिलांची बदली होते आणि ती गाव सोडून जाते.

नाही, ती परत येत नाही. मात्र माझ्या मते त्या चित्रपटातले सर्वांत मोठे नुकसान शिरोडकरचे जाणे हे नाही. जोशीचे प्रेम म्हणजे काय, तर वर्गातल्या बाकावरून टाकलेली एक नजर, रस्त्यात जुळवून आणलेली एखादी भेट आणि दोन-चार वाक्ये. एवढ्या तुटपुंज्या ऐवजाचे प्रेम होते ते मित्रांमुळे. कोण कोणाकडे बघते याची बातमी मित्र आणतात, चिडवतात ते मित्र, पाळत ठेवतात तेही मित्र. त्यांच्यापुढे बोलून दाखवले, लपवले किंवा नाकारले, म्हणून त्या भावनेला आकार आला. एकट्या मुलाच्या मनात ती कदाचित आठवड्याभरात विरून गेली असती. सुऱ्याचे केवडा या मुलीवरचे वेड तर जोशीच्या अबोल प्रेमाच्या अगदी उलट, धसमुसळे आणि उघडे. पण दोघांनाही दुसऱ्याची गोष्ट आपलीच वाटते, आणि त्या वयाची मैत्री मला तिथे सर्वांत खरी दिसते.

आणि नेमक्या त्याच सुमारास ही चौकडीही पूर्वीसारखी राहत नाही. चित्रपटाचा खरा घाव मला इथे जाणवतो. मुलगी गेली हे ज्यांना सांगायचे, ज्यांच्याजवळ बसून काहीही न बोलता संध्याकाळ काढायची, तीच मुले पांगतात. प्रेम तुटल्याचे निदान कळते तरी. मैत्री विरते तेव्हा निरोपाचा प्रसंगही घडत नाही, त्यामुळे तिच्यासाठी कोणी रडत नाही आणि प्रेक्षकही तिच्याविषयी विचारत नाहीत.

खान्देशात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माझे लहानपण भुसावळला गेले. रेल्वेच्या विभागाचे ते मुख्यालय, त्यामुळे वडिलांची बदली झाली आणि वर्गातला एक बाक रिकामा झाला, ही तिथली दरवर्षीची गोष्ट. त्या काळी बहुतेक घरांत टेलिफोन नव्हता आणि मुलीच्या नावाने आलेले पत्र आधी मोठ्यांच्या हाती पडे, म्हणून बदली झालेली मुलगी कायमचीच गेलेली असे. माझ्याही वर्गातून एक मुलगी अशी गेली. तिचा चेहरा आज मला नीटसा आठवत नाही. जो मित्र केवळ माझ्या सोबतीसाठी तिच्या गल्लीतून लांबचा फेरा घेऊन घरी जात असे, त्याचे चालणे मात्र पाठीमागूनसुद्धा ओळखेन. दहावीनंतर तो सुरतेला मामाकडे यंत्रमागाच्या कामावर गेला. आमच्याकडची कितीतरी मुले अशीच नंदुरबारच्या वाटेने गुजरातेत गेली आणि अजूनही जातात. उन्हाळ्यात लग्नसराईला तो गावी आला की आम्ही भेटत असू, एकमेकांच्या घरची ख्यालीखुशाली विचारत असू, पण ती गल्ली आमच्या बोलण्यात पुन्हा कधी आली नाही.

काही जण इथे ‘फँड्री’ची आठवण काढतात, आणि ती रास्त आहे. नागराज मंजुळे यांच्या त्या चित्रपटात जब्या या शाळकरी मुलाच्या प्रेमाआड बदली नाही, जात उभी आहे, आणि म्हणून त्याचे दुःख जोशीच्या दुःखाशेजारी ठेवून मोजता येणार नाही. जोशीला निदान शिरोडकरशी बोलता आले; जब्याची शालू तर त्याच्या कुटुंबाला डुकरे धरायला लागतात तेव्हा हसणाऱ्या गर्दीत उभी असते. तरीसुद्धा काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ भटकताना जब्याच्या बरोबर त्याचा मित्र पिऱ्या असतो. त्या चिमणीची राख टाकली की मुलगी प्रेमात पडते असा जब्याचा समज; ती कोणासाठी हवी आहे हे पिऱ्याला ठाऊक असते आणि तो हसण्यावारी नेत नाही. त्या चित्रपटातली ही भटकंती मला जब्याने शेवटी भिरकावलेल्या दगडाइतकीच मोलाची वाटते.

तेव्हा शिरोडकर कुठे गेली, तिचे लग्न झाले का, जोशी तिला पुढे कधी भेटला का, हे मला विचारू नका असे मी म्हणणार नाही. नववीतल्या मुलाने ते विचारलेच पाहिजे. फक्त त्याबरोबर फावड्याचे काय झाले हेही विचारावे, अशी माझी इच्छा असते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने ते आपणहून विचारले होते. त्याचा जोडीदार नुकताच शाळा सोडून बापाबरोबर केळीच्या गाडीवर भराईच्या कामाला जाऊ लागला होता. त्या दिवशी उरलेला तास आम्ही फावड्यावरच बोललो. या चित्रपटाचा पुढचा भाग कोणी काढू नये असे मला मनापासून वाटते, आणि कोणी काढलाच तर त्याने शिरोडकरला शोधत न बसता सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या यांच्या घरी जावे.