छातीतली धडधड आणि माझी मॅग्नेशियमची डबी

पहिल्यांदा जाणवलं ते रात्री, डाव्या कुशीवर झोपले असताना. छातीत मासा उलटावा तसं काहीतरी झालं, क्षणभर सगळं थांबलं आणि पुढचा ठोका इतका दणक्यात पडला की मी उठूनच बसले. मनगट धरून नाडी मोजायला लागले. पंधरा-वीस ठोके सरळ, मग एक गाळलेला. परत सरळ, परत गाळलेला. नाडी मोजत बसलं की ती आणखी वाढते हे दिवसा कुणालाही कळतं; रात्री तीन वाजता कळत नाही.

दुसऱ्या दिवशी वाचायला बसले. ठोका चुकतोय म्हणजे मॅग्नेशियम कमी आहे, असं जो तो इतक्या ठामपणे सांगत होता की मी संध्याकाळी डबी घेऊनच घरी आले. सोबत एक मल्टिव्हिटॅमिन. केसांसाठी बायोटिन आधीपासून चालूच होतं. तपासणी शून्य, गोळ्या तीन. तीन आठवड्यांत फरक पडला तो फक्त पोटाला, कारण मॅग्नेशियमने जुलाब होतात हे त्या उत्साहात वाचायचं राहून गेलं होतं.

मग एक दिवस दोन जिने चढून वर गेले आणि धडधड थेट कानात ऐकू यायला लागली. कठड्याला धरून उभी राहिले. त्या दिवशी मात्र डॉक्टरांकडे गेले.

ईसीजी नॉर्मल आला. मला हायसं वाटायच्या ऐवजी रागच आला. पण ईसीजीची पट्टी जेमतेम दहा सेकंदांची असते आणि माझा ठोका काही दर दहा सेकंदांनी चुकत नव्हता. तो त्या दहा सेकंदांत कसा सापडणार! डॉक्टरांनी पट्टी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "कसं होतं ते टेबलावर वाजवून दाखवा बरं."

जरा विचित्र वाटलं, पण वाजवलं. टक, टक, टक, टकटक, मग थांबा, मग एक मोठा ठक्. "आणि जिन्यावर?" मी बोटांनी एकसारखं भरभर वाजवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी होतायत. तुम्ही दोन्हीला धडधडच म्हणताय."

खरंच होतं. दोन महिने मी एकाच दुखण्याचं एकच कारण शोधत होते.

रात्रीचा प्रकार त्यांनी समजावला. ठोका चुकत नाही, उलट एक जादाचा ठोका वेळेआधी पडतो. तोवर हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे तो नाडीला नीट लागत नाही. मग एक विराम येतो, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा ठोका दणका देतो. आपल्याला घाबरवतो तो दणका, आणि तो बिचारा अगदी सरळमार्गी ठोका असतो.

मग चार प्रश्न आले. कधी शुद्ध हरपली का? छातीत दुखतं का? व्यायाम चालू असताना ठोके चुकतात का? घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का? चारही उत्तरं 'नाही' होती. एखादं 'हो' असतं तर व्हिटॅमिनच्या गप्पा बाजूला ठेवून तुम्हाला आधी हृदयाच्या डॉक्टरांकडेच पाठवलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रक्ताची यादी लांब होती: सीबीसी, फेरिटिन, बी १२, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, थायरॉईड, किडनी. चालू गोळ्या सांगताना बायोटिनचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तीन दिवस बंद करा, मगच रक्त द्या." बायोटिनचा डोस मोठा असेल तर थायरॉईडचे आकडे चुकू शकतात, टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं संप्रेरक) खोटाच कमी दिसतो आणि थायरॉईड जोरात चाललाय असं वाटतं. त्या आजारातही छातीत धडधडतंच. म्हणजे केसांच्या गोळीपायी मी थायरॉईडच्या उपचारांना लागले असते. पोटॅशियमच्या गोळ्याही सुरू करायचा विचार आहे असं मी म्हणाले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "किडनी कधी तपासलीय?" किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम साठत जातं, आणि रक्तात ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. तो विचार तिथेच संपला.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४, बायकांना ते निदान १२ हवं. तांबड्या पेशींचा आकार ६९, म्हणजे ८० च्या बराच खाली. फेरिटिन, म्हणजे लोहाची शिल्लक, ६, म्हणजे जवळपास संपलेली. बी १२ ठीक, थायरॉईड ठीक, पोटॅशियम ४.२. मॅग्नेशियम २.१, एकदम व्यवस्थित.

त्या २.१ चा अर्थ काय लावायचा? तीन आठवडे गोळ्या घेऊन मीच तो आकडा गढूळ करून ठेवला होता. शिवाय शरीरातल्या मॅग्नेशियमचा जेमतेम एक टक्का रक्तात असतो, बाकीचं हाडांत आणि पेशींत. ते कमी पडलं की ठोके बिघडतात हे खरं आहे. पण डॉक्टरांना तसा संशय येतो तो लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, लांबलेले जुलाब, वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या असं काही असलं की. मी यातलं जे एक पैदा केलं होतं, ते त्याच डबीतून.

जिन्यावरच्या धडधडीचं उत्तर मात्र मिळालं. लोह संपलं की हिमोग्लोबिन कमी होतं, आणि ते कमी म्हणजे प्रत्येक फेरीत प्राणवायू कमी जातो; मग हृदय फेऱ्या वाढवतं.

मी उठायला लागले तर डॉक्टर म्हणाल्या, "बसा. लोह गेलं कुठे?"

"पाळी कशी येते?"

"नॉर्मल."

"पॅड किती तासांनी बदलता?"

"पहिले दोन-तीन दिवस... दीड-दोन तासांनी. रात्री उठावं लागतं."

त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला पंधरा वर्षं हेच नॉर्मल वाटत होतं. सोनोग्राफीत फायब्रॉईड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघाला. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी गोळी सुरू झाली. ती नसती तर वरून लोह ओतून खालून गळतच राहिलं असतं.

लोहाची गोळी एक दिवसाआड, उपाशीपोटी. रोज घेतली तर लवकर भरून येईल असा माझा हिशोब होता, पण एका डोसनंतर शरीर साधारण दिवसभर पुढचं लोह आत घ्यायला कुरकुर करतं. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी त्यापासून लांब ठेवायची. शौच काळी होते, घाबरायचं नाही. हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर आणखी एक रात्र जागून काढली असती.

मधल्या काळात होल्टर, म्हणजे चोवीस तास चालणारा ईसीजी, तोही झाला. छातीला वायरी, कमरेला डबी, हातात वही: काही जाणवलं की वेळ लिहायची. एक लाखाच्या वर ठोक्यांत जादाचे ४१२ निघाले. हृदयाची सोनोग्राफीही चांगली आली, त्यामुळे काळजीचं कारण नाही म्हणाले. वहीतल्या बहुतेक वेळा पट्टीशी जुळल्या. तीन मात्र अशा होत्या की मी 'चुकला' असं लिहिलं होतं आणि पट्टीवर ठोके अगदी नियमित. त्या तिघांचं काय करायचं, हे मी कुणाला विचारलं नाही.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११ वर गेलं आणि जिने पूर्वीसारखे झाले. आठव्या आठवड्यात १२.३. मी गोळ्या बंद करायला निघाले होते, पण फेरिटिन अजून १९ च होतं. शिल्लक भरायला आणखी तीन महिने घ्या म्हणाल्या.

रात्रीचे ठोके कमी झाले, गेले नाहीत. त्यात लोहाचा वाटा किती, संध्याकाळची कॉफी सोडल्याचा किती, आणि नाडी धरून बसायचं सोडल्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. तिन्ही एकाच महिन्यात झालं. मॅग्नेशियमची अर्धी डबी अजून कपाटात आहे. परवा रात्री तो मासा दोनदा उलटला. मी कूस बदलली. फेरिटिन पुढच्या महिन्यात परत करायचं आहे.