लायब्ररीच्या दारातून परत फिरले त्या दिवशी

२०२४ च्या ऑक्टोबरातला शनिवार. मुलीची पुस्तकं परत करायची होती म्हणून आम्ही दोघी आमच्या गावच्या लायब्ररीत गेलो. गाव ऑस्टिनच्या उत्तरेला, लायब्ररी नगरपालिकेची. कमरेला, कुर्त्याच्या आत, माझं पिस्तूल होतं. टेक्सासचा परवाना माझ्याकडे २०१७ पासून आहे आणि याच लायब्ररीत मी याआधी कितीतरी वेळा तशीच गेले आहे. दारापासून दहा पावलांवर इंग्रजी आणि स्पॅनिशमधली पाटी दिसली, ‘इथे मतदान करा’. मी जागच्या जागी थांबले आणि मुलीचा हात धरून गाडीकडे परतले.

“आई, परवाना आहे ना तुझ्याकडे?” तिने विचारलं. ती बारा वर्षांची आहे. तिला पार्किंगमध्ये उभ्या उभ्या जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. आमच्या मराठी मंडळातल्या तीन-चार घरांनी गेल्या दोन वर्षांत परवाना काढला आहे आणि “सरकारी जागेत चालतं का?” हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला आहे. त्याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

टेक्सासमध्ये मतदानाच्या दिवशी, आणि त्या दिवसाआधी मत देऊ देतात ते ‘लवकर मतदान’ चालू असतानाही, मतदान केंद्राच्या जागेत पिस्तूल नेता येत नाही. परवाना असला तरी नाही. हा तिसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा आहे, शिक्षा दोन ते दहा वर्षं कैद. म्हणजे तीच इमारत, तेच दार, तेच ओळखीचे ग्रंथपाल; पण लवकर मतदान सुरू झालं की माझ्यासाठी ती जागा बदलते. मतदान एका खोलीत असलं तरी मी अख्खी लायब्ररी बंद समजते. कायद्यातला ‘जागा’ हा शब्द इमारत किंवा इमारतीचा भाग असा आहे. त्या ‘किंवा’चा अर्थ न्यायाधीशासमोर उभं राहून शिकायची माझी इच्छा नाही.

मात्र याच व्याख्येत आपल्या उपयोगाची गोष्टही आहे. पार्किंग, रस्ता, फुटपाथ, गाडी आत घेण्याची वाट हे त्या ‘जागे’त धरत नाहीत. म्हणून लायब्ररीच्या पार्किंगमध्ये, गाडीत पिस्तूल ठेवून आत जाणं कायदेशीर होतं. माझ्या गाडीत सीटखाली लोखंडी पेटी आहे, जाड तारेने सीटच्या सांगाड्याला बांधलेली. ही पेटी घेतल्याशिवाय पिस्तूल घेऊ नका, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगते. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल टाकून दुकानात जाणारे लोक मी पाहते तेव्हा पोटात खड्डा पडतो. काच फोडायला चोराला एक क्षण पुरतो, आणि मग ते हत्यार कुणाच्या हातात जाईल हे आपल्या हाती राहत नाही.

मी घरोघरी जाऊन रुग्णांना फिजिओथेरपी देते. टेलर गावाच्या पलीकडच्या शेतरस्त्यांवर संध्याकाळी सातनंतर एकटीने गाडी चालवायची असते. एकदा टायर फुटला, मोबाइलला रेंज नव्हती, आणि एक अनोळखी गाडी माझ्या मागे येऊन बराच वेळ दिवे लावून नुसती उभी राहिली. काही झालं नाही. पण त्यानंतर दोन महिन्यांत मी वर्गात नाव घातलं. परवान्याची फी त्याच सुमाराला १४० डॉलरवरून ४० वर आली होती. वर्ग चार ते सहा तासांचा. मग पन्नास गोळ्यांची चाचणी, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. नेमबाजी सोपी गेली. घाम फुटला तो कुठे न्यायचं आणि कुठे नाही या तासाला.

सरकारी इमारत म्हणजे बंदी, अशी माझी आधीची समजूत होती. कायदा जवळजवळ उलट आहे. नगरपालिका, कौंटी किंवा राज्याच्या मालकीच्या जागेत परवानाधारकाला अडवायचं तर त्या जागेचं नाव कायद्यातल्या बंदीच्या यादीत असावं लागतं. कोर्ट आणि कोर्टाची कार्यालयं त्या यादीत आहेत, तुरुंग आहेत, शाळा आहेत, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग आहे. रीतसर सूचना लावलेली असेल तर सरकारी मंडळाची जाहीर सभा चालू असलेली खोलीही, पण फक्त ती खोली. पाणीपट्टी भरायची खिडकी, बाग, वस्तुसंग्रहालय, लायब्ररी ही ठिकाणं एरवी त्यात नाहीत.

आणि २०१५ साली विधिमंडळाने एक नियम केला, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. परवानाधारकाला अडवण्याचा अधिकार नसताना सरकारी संस्थेने बंदीची पाटी लावली, तर त्या संस्थेलाच दंड. पहिल्या उल्लंघनाला दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १०,००० ते १०,५००. कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. राज्याच्या अॅटर्नी जनरलने ऑस्टिन शहरावर सिटी हॉलमधल्या बंदीसाठी दावा लावला होता आणि २०१९ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी शहराला ९,००० डॉलर दंड केला. मी त्या सिटी हॉलच्या बाजूची किंवा विरोधातली नाही. पण पाटीचा नियम मला चुकीच्या दारातून आत जाऊ देत नाही, तसा सरकारलाही खोटी पाटी लावू देत नाही, हे मला न्यायाचं वाटतं. परवाना घेणाऱ्याने एवढा अभ्यास करायचा, तर पाटी लावणाऱ्यानेही करायला हवा.

जमीन सरकारी पण ताबा खाजगी, अशा ठिकाणी मात्र गुंता होतो. डॅलसच्या फेअर पार्कचंच बघा. २७७ एकरांचं मैदान, मालकी शहराची. तिथली जत्रा, स्टेट फेअर, भरवते एक ना-नफा संस्था. २०२३ च्या जत्रेत गोळीबार झाला, तेव्हा २०२४ साठी संस्थेने परवानाधारकांसकट सगळ्यांना बंदी घातली. अॅटर्नी जनरल कोर्टात गेले, आणि जत्रा उघडण्याच्या तोंडावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी थांबवायला नकार दिला. मी त्या वर्षी मुलीला घेऊन गेले, पिस्तूल घरी ठेवून. आयोजक नको म्हणतात तिथे हट्ट करायला मी परवाना घेतलेला नाही.

केंद्र सरकारच्या इमारतीत टेक्सासचा परवाना उपयोगाचा नाही. आपली बहुतेक मंडळी चुकतात ती इथेच, कारण आपली कामंच तिथे असतात. नवऱ्याची नागरिकत्वाची मुलाखत सॅन अँटोनियोला होती. ती केंद्राची इमारत, म्हणून पिस्तूल त्या दिवशी घरातून निघालंच नाही. पोस्टात तर आणखी सांभाळा. पासपोर्टचा अर्ज, आईला पाठवायचं पार्सल, राखी, सगळं पोस्टात. टपाल खात्याचा नियम पार्किंगलाही लागू होतो, म्हणजे राज्याच्या कायद्यातली पार्किंगची सूट तिथे संपते. लुइझियाना राज्यातल्या एका टपाल कर्मचाऱ्याला खात्याच्या पार्किंगमधल्या स्वतःच्या गाडीत पिस्तूल ठेवल्याबद्दल शिक्षा झाली, आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. ते न्यायालय टेक्सासवरही चालतं. या नियमाला अलीकडे आव्हानं दिली गेली आहेत, पण एका पार्सलसाठी माझं नाव त्या खटल्यांत यावं असं मला वाटत नाही. पिस्तूल जवळ असेल तर मी पोस्टाच्या आवारात गाडी घालत नाही. रस्त्यापलीकडे लावते आणि चालत जाते.

आता मंडळाच्या लोकांसाठी खास. आपला गणपती आणि दिवाळीचा कार्यक्रम सरकारी शाळेच्या सभागृहात होतो. शनिवार असो, सुट्टी असो, मुलं असोत नसोत, शाळेची इमारत ती शाळेचीच. शाळेची लेखी परवानगी नसेल तर आत नाही. “आता २०२१ पासून परवाना लागतच नाही” असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचाच. राज्याने एकवीस वर्षांवरच्यांना सप्टेंबर २०२१ पासून विनापरवाना बाळगायची मुभा दिली हे खरं. पण केंद्राचा कायदा शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेऊ देत नाही, आणि त्यातून सूट आहे ती राज्याचा परवाना असलेल्याला. आमच्या भागात शाळेपासून हजार फूट टाळून दूध आणायलाही जाता येणार नाही. सरकारी विद्यापीठाच्या आवारात २०१६ पासून पिस्तूल नेता येतं, तेही परवानाधारकालाच, आणि झाकून. म्हणून परवाना काढा आणि वेळेवर नूतनीकरण करा. जे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, त्यांनी आधी वकिलाला भेटा. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणं हाच केंद्राचा गुन्हा आहे. मित्राची सहज हातात घेऊन बघतानाही विचार करा.

बाबा २०१८ मध्ये इकडे आले होते. आमचं घर कुडाळ तालुक्यातलं. वानर आणि रानडुकरं बाग ठेवत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. त्यांना ऑस्टिनचं कॅपिटल दाखवायला नेलं. १८८८ मध्ये पुरी झालेली गुलाबी ग्रॅनाइटची इमारत, तिथेच राज्याचं विधिमंडळ. २०१० पासून दारात मेटल डिटेक्टर आहेत, पण परवाना दाखवणाऱ्याला ते ओलांडून बाजूने सोडतात. मी परवाना दाखवून पुढे गेले, बाबा रांगेतून आले. आत घुमटाखाली ते बराच वेळ वर बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “अगो, हंय बंदूक घेवन विधानसभेत सोडतत? आमका तर मतदान इला की चौकीत जमा करूक लागता.”

बाबांचं म्हणणं खरंच होतं. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करायची, पावती घ्यायची. निकाल लागून ती परत मिळेपर्यंत वानर मोकळे. बाबांनी एकदाही चुकवलं नाही. पावत्या ते सातबाराच्या फाइलीत ठेवतात. परवाना वर्गात दिलेली बंदीच्या ठिकाणांची यादी मीही घराच्या कागदांच्याच फाइलीत ठेवली आहे.

त्या शनिवारी पिस्तूल पेटीत ठेवून, कुलूप दोनदा ओढून पाहून आम्ही लायब्ररीत गेलो. पुस्तकं परत केली. मग मुलगी म्हणाली, “आता आलोच आहोत तर मत पण देऊन टाक.” रांग पंचवीस मिनिटांची होती. मी दिलं.