सही माझी, लिहिलंय त्यांनी

त्या दिवशी आजींच्या जुन्या वकिलाविरुद्धचं आमचं प्रकरण बोर्डावर दुसरं होतं. उच्च न्यायालयाच्या आवारातल्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांची शिस्त राखणाऱ्या परिषदेच्या, कार्यालयात मी आजींची वकील म्हणून लवकरच पोचले होते. शिवडीच्या आजी आल्या, बाकावर टेकल्या आणि माझ्याकडे न बघता पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. ‘गैरसमजातून केलेली तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.’ मजकूर टाइप केलेला, खाली त्यांची थरथरती सही.

“काल संध्याकाळी घरी येऊन पैसे दिले त्यांनी. सगळे, पाच लाख वीस हजार. म्हणाले, सही करा म्हणजे मिटलं. मी काय करू, ताई?”

मला रडू आलं. रागवावं तरी कुणावर? पैसे आजींचेच होते.

आजींचा एकुलता एक मुलगा करी रोड आणि परळच्या मध्ये लोकलमधून पडून गेला. खिशात महिन्याचा पास होता. रेल्वेच्या दाव्यात पासाला फार किंमत असते. गेलेला माणूस रीतसर प्रवासी होता हे त्यावरून सिद्ध होतं. २०१७ पासून अशा मृत्यूला आठ लाख भरपाई आहे. दावा मंजूर झाला, रक्कम आजींच्या नावावर जमाही झाली. पण ते खातं दावा चालवणाऱ्या वकिलांनी आपल्या ऑफिसजवळच्या बँकेत उघडून दिलेलं, आणि पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर आजींच्या सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या. आजींना मिळाले दोन लाख ऐंशी हजार. “एवढेच मंजूर झाले,” असं सांगून. चाळीतल्या एका पोराने पासबुक भरून आणलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

आजी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना कुणीतरी ग्राहक मंचात जायला सांगितलं होतं. ते दार बंद झालंय. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२४ चा निकाल आहे. फौजदारी तक्रारीचा मार्ग होता, पण पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायला आजी तयार नव्हत्या. उरलं ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५, म्हणजे वकिलाच्या गैरवर्तनाबद्दल बार कौन्सिलकडे तक्रार. तक्रार त्यांनी मराठीत, स्वतः सांगून लिहून घेतली होती. मी त्यातला एक शब्द बदलला नाही.

अशी तक्रार ऐकणाऱ्या बार कौन्सिलच्या शिस्त समितीत तिघे असतात, तिघेही वकीलच. अध्यक्षांनी कागद वाचला आणि थेट आजींना विचारलं, “आजी, हे तुम्ही लिहिलंत?”

“सही माझी आहे. लिहिलंय त्यांनी.”

“मग गैरसमज कुठला झाला होता?”

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तो शब्द माझा नाही, साहेब.”

ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते वकील उठले. पक्षकाराचीच तक्रार उरली नाही तर प्रकरण कसलं, असं त्यांचं म्हणणं. वरकरणी हे कुणालाही पटेल. पण नियम वेगळा आहे आणि तो फार विचारपूर्वक केलेला आहे, असं मला वाटतं. तक्रार मागे घेतली, तडजोड झाली, एवढ्याच कारणावरून शिस्तभंगाची चौकशी बंद करता येत नाही. मी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या निकालाचा आधार घेतला. ते प्रकरणही मुंबईचंच. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दाराशी उभे राहून अशिलांवर झडप घालणारे वकील, आणि त्यांच्याविरुद्ध दिल्लीपर्यंत गेलेली आपली बार कौन्सिल. कौन्सिलला असं अपील करायचा अधिकार आहे, कारण व्यवसायाची शिस्त राखणं हे तिचं काम आहे, असं सात न्यायमूर्तींनी म्हटलं होतं. उसने घेतलेले पैसे परत केले की कर्ज फिटतं. वकिलाने अशिलाच्या कोऱ्या सहीचा वापर केला ते फिटत नाही. हे बोलताना माझा आवाज चढला होता, हे मला नंतर जाणवलं.

चौकशी चालू राहिली. बँकेच्या अधिकाऱ्याची साक्ष आधीच झाली होती. आता उलटतपासणी वकिलांची. रक्कम आल्याचं अशिलाला लवकरात लवकर कळवायचं असतं, तुम्ही कधी कळवलंत? उत्तर नाही. लेखी जबाबात त्यांनी म्हटलं होतं की भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरला होता. मी तेवढंच पुन्हा वाचून दाखवलं. निकालावर फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, हा आपल्याकडचा नियम आहे. बचाव म्हणून जे लिहिलं, तीच दुसऱ्या गैरवर्तनाची कबुली झाली.

मला घाई होती ती वेगळ्या कारणाने. तक्रार येऊन अकरा महिने झाले होते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे दिल्लीला जातं. आजींना दिल्ली कशी झेपणार?

निकाल वर्ष भरायच्या नऊ दिवस आधी लागला. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून काढू शकते. नाव काढलं. त्यांच्या तीस वर्षांच्या सनदेबद्दल वाईट वाटतं का, असं कोर्टातल्या एका वकिलाने मला विचारलं. वाटतं. तरी तोच निकाल योग्य होता, असंच मी आजही म्हणेन. त्यांनी साठ दिवसांच्या आत अपील केलंय. त्यानंतरही सर्वोच्च न्यायालय आहेच.

उलटतपासणी संपली तेव्हा अध्यक्षांनी आजींना विचारलं होतं, आणखी काही सांगायचंय का. आजी म्हणाल्या, “माझी फाइल त्यांच्याकडंच आहे.”

फी थकली असली तरी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, आणि इथे तर काही थकलेलंही नव्हतं. पुढच्या तारखेला फाइल आली. आजींनी बाकावर बसून दोरी सोडली. दाव्याची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, एकेक कागद बाजूला ठेवत गेल्या. तळाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात तो पास होता. त्यांनी तो पदराला पुसला, ब्लाउजमध्ये ठेवला आणि बाकीची फाइल माझ्याकडे दिली. “ही तुमच्यापाशी ठेवा, ताई.”