पोर्शेचे दिवे, अंबडचे मिस्त्री आणि जानोरीचे काका

नाशिकला सुट्टीवर आलो की "तिकडे चोऱ्यामाऱ्या होत नसतील ना रे?" हा प्रश्न ठरलेला. होतात की! ॲम्स्टरडॅममध्ये सायकली इतक्या चोरीला जातात की जुन्या सायकलीला सायकलीपेक्षा महाग कुलूप लावणारी माणसं मी रोज बघतो. पण या वेळी अंबडला मामेभावाच्या गॅरेजमध्ये बसलो होतो, तिथे सायकलींचं कुणाला कौतुक असणार? म्हणून मी पोर्शेच्या हेडलाइटचा विषय काढला, आणि समोरची मारुती सोडून सगळे स्टुलावर येऊन बसले.

आम्ही ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलव्हेनमध्ये राहतो. आमच्या रस्त्यावर एका निवृत्त गृहस्थांची पोर्शे 911 ही स्पोर्ट्स कार उभी असते. एका सकाळी तिच्या पुढच्या दोन्ही दिव्यांच्या जागी नुसती भोकं होती. काच फुटलेली नाही, चाकं जागेवर, आतलं सामान जागेवर. डोळे काढून नेलेल्या मूर्तीसारखी ती गाडी दिसत होती. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा दोन्ही बाजूंना चाकाच्या वरचा फेंडरचा पत्रा कापलेला दिसला.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न अगदी धंद्यातला होता. "दोन्ही दिवे नेले? मग बंपर कुठं टाकला?"

बंपर जागेवरच होता म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. बरोबरच आहे. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांना हेडलाइट काढायचा म्हणजे आधी बंपर उतरवा, क्लिपा तुटू न देता सोडवा, मग बोल्ट, मग वायरींचा कपलर. रात्री रस्त्यावर बसून हा उद्योग कोण करणार?

911 चं तसं नाही. इंजिन मागे, डिकी पुढे. 1990 च्या दशकाच्या शेवटी आलेल्या 911 च्या 996 नावाच्या पिढीत तर डिकीतला गालिचा बाजूला केला की रबरी बूच दिसतं. ते काढायचं, गाडीबरोबर मिळणारा बॉक्स पाना आत घालायचा आणि फिरवायचा. खटका सुटतो, आणि अख्खी असेंब्ली रुळावरून सरकत पुढे येते. कपलरसुद्धा वेगळा काढावा लागत नाही, दिवा सरकला की तोही आपसूक सुटतो. बल्ब बदलून झाला की दिवा तसाच आत ढकलायचा आणि पाना उलटा फिरवायचा. गाडीच्या मालकाने घरी करावं असं काम.

ही सोय आली कुठून? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे कंपनी डबघाईला आली होती. खर्च कमी करायला त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेल्या जपानी सल्लागारांना कारखान्यात आणलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी केलेल्या कुणालाही कायझेन, म्हणजे कामात सतत थोडी थोडी सुधारणा, हे वेगळं सांगायला नको. त्याच काळात घडलेल्या 996 मध्ये आणि तिच्या आधी, 1996 साली आलेल्या पोर्शेच्याच बॉक्स्टर गाडीमध्ये एकाच डब्यात सगळं बसवलं: लो बीम, हाय बीम, इंडिकेटर, फॉग लॅम्प. कामगाराने डबा सरकवायचा, खटका लावायचा, पुढची गाडी घ्यायची. दिसायला तो दिवा बेढबच होता. अंडं फुटून पसरल्यासारखा दिसतो म्हणून पोर्शेवेड्यांनी त्याची पुष्कळ टिंगल केली. पण कारखान्याच्या दृष्टीने कल्पना झकास होती.

जे कामगाराला आणि मालकाला सोपं, ते चोरालाही सोपं. नंतरच्या 911 मध्येही सरकवून बसवायचाच दिवा राहिला. चोराला डिकी उघडण्याचीसुद्धा गरज नाही. खटका पत्र्यामागे नेमका कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, म्हणून तो पत्राच कापतो. दिवे शाबूत नेतो आणि मालकाच्या माथी डेंटिंग-पेंटिंगचं वेगळं बिल मारून जातो.

"पण दिव्याचं करतात काय?" मामेभावाने विचारलं. यावर हॉलंडमध्ये वर्षानुवर्षं, अगदी पेपरांतसुद्धा, एक चवदार गोष्ट फिरते. म्हणे गांजा पिकवणारे हे झेनॉनचे (झेनॉन वायू भरलेले प्रखर) दिवे चोरतात आणि बंद खोलीत त्यांच्या उजेडावर झाडं वाढवतात. तिथे कॉफीशॉप नावाच्या दुकानांत एका गिऱ्हाइकाला 5 ग्रॅमपर्यंत गांजा विकलेला सरकार चालवून घेतं, पण मोठ्या प्रमाणावर लागवड हा गुन्हा आहे. त्यामुळे चोरून लागवड करणारे आहेतच, आणि गोष्ट खरी वाटते.

मलाही ती खरी वाटत होती, जानोरीच्या काकांना सांगेपर्यंत. काकांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे, आणि पूर्वी त्यांनी शेवंतीही केली आहे. शेवंतीला रात्री बल्ब लावतात ते तिला दिवस मोठा आहे असं भासवायला, म्हणजे फुलं उशिरा येतात. काका लगेच म्हणाले, "अरे, झाडाला फसवायला छोटा बल्ब पुरतो. झाड पोसायचं असेल तर सूर्य आणावा लागतो. किती वॅटचा आहे तुझा तो दिवा?"

35 वॅटचा. हॉलंडच्या काचघरांत सोडियमचे दिवे लावतात ते 600 किंवा 1000 वॅटचे. म्हणजे नुसते वॅट मोजले तरी त्यातल्या धाकट्या दिव्याची बरोबरी करायला झेनॉनचे 18 हेडलाइट हवेत. नऊ पोर्शे फोडायच्या, 12 व्होल्टची सोय करायची, प्रत्येक दिव्याचा बॅलास्ट, म्हणजे त्याची वीज सांभाळणारा डबा, जपायचा, आणि हे सगळं कशासाठी, तर बाजारात उघड मिळणाऱ्या एका दिव्यासाठी! शिवाय हे लोक बहुतेक वेळा वीजही मीटरला बगल देऊनच घेतात, तेव्हा त्यांना बचतीची काय पडलीय? काकांनी हिशोब ऐकला आणि "पेपरवाल्यांनी शेती केलेली नाही" एवढंच बोलून ते पाणी सोडायला निघून गेले.

एखाद्या दीडशहाण्याने करूनही पाहिलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण झेनॉन जाऊन एलईडी आले तरी चोऱ्या थांबल्या नाहीत, आणि एलईडी तर असेंब्लीतून सुटा निघतही नाही. खरं कारण रूक्ष आहे. नवा दिवा शोरूमच्या काउंटरवर काही हजार युरोंना पडतो, म्हणजे एका दिव्यामागे आपले दोन-तीन लाख सहज. त्यात वळणाबरोबर फिरणारी यंत्रणा, उंची जुळवणारी मोटर, कंट्रोल युनिट असं सगळं असतं. ठोकलेली पोर्शे स्वस्तात घेऊन दुरुस्त करणाऱ्याला तोच दिवा अर्ध्या किमतीत मिळाला, तर तो कुठून आला हे विचारायची त्याला गरज वाटत नाही. 2000 नंतर अमेरिकेत न्यू जर्सीकडे निसान मॅक्सिमाचे झेनॉन दिवे असेच धडाधड चोरीला जात होते. मॅक्सिमा काही स्पोर्ट्स कार नव्हे, चार दारांची घरगुती गाडी. पण दिवा महाग आणि काढायला सोपा, एवढं पुरेसं होतं.

हे ऐकून मिस्त्री हसले. "म्हणजे इकोचा सायलेन्सर!" अगदी तोच प्रकार. आपल्याकडे मारुती इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या त्यातल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसाठी गाडीखाली शिरतात. लाखाचा माल बाहेर लटकतोय आणि काढायला मिनिटं लागतात. गाडी पोर्शे आहे की इको, याच्याशी चोराला देणंघेणं नाही.

आमच्या शेजाऱ्यांचं काय झालं, हेही सगळ्यांना ऐकायचं होतं. तिथे थर्ड पार्टी विम्याच्या वर चोरी, आग आणि काच धरणारा एक मधला विमा मिळतो. तो असल्यामुळे पैसे मिळाले, फक्त दिवे यायला बराच वेळ गेला आणि तोवर गाडी उभीच. आता त्यांनी दिव्याच्या मागे लोखंडी पट्टी बसवून घेतलीय, म्हणजे खटका सुटला तरी दिवा पुढे सरकत नाही. दिव्याच्या काचेवर गाडीचा नंबर कोरून घेणारेही आहेत. मिस्त्रींना नंबर पटला, पट्टी पटली नाही. "पट्टीमुळं दिवा निघाला नाही की चोर चिडून फोडून जाईल," त्यांचं म्हणणं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी नव्या दिव्यांचं सांगितलं. पोर्शेच्या सगळ्यात नव्या मॅट्रिक्स हेडलाइटमध्ये एका दिव्यात 32,000 च्या वर प्रकाशबिंदू असतात, समोरच्या गाडीपुरता उजेड कापून बाकीचा रस्ता उजळलेला ठेवतात. असे दिवे नुसते बसवून चालत नाहीत, गाडीच्या कॉम्प्युटरला त्यांची ओळख करून द्यावी लागते, कोडिंग करावं लागतं. त्यामुळे चोरीचा दिवा दुसऱ्या गाडीत चालवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

मिस्त्री पाना उचलून मारुतीकडे वळले होते. तिथूनच म्हणाले, "मग कोडिंग करणारा पोरगाही असेल की त्यांच्यात."