लिंबाची मसाला पूड
आज सुकवलेल्या लिंबाची पूड केली. चकत्या ३ मिलिमीटरच्या आणि सगळ्या सारख्या हव्यात. जाड-पातळ कापल्या की पातळ करपतात, जाड आतून ओल्या राहतात. बिया एकूण एक काढायच्या, नाहीतर पूड कडू झालीच म्हणून समजा. डिहायड्रेटर (फळं-भाज्या सुकवायचं यंत्र) ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर, साधारण १० तास. घाईनं तापमान वाढवलं तर रंग तपकिरी होतो, वास उडतो.

सुकली की नाही हे गार झाल्यावरच कळतं, कारण गरम चकती मऊच लागते. कट्कन मोडली तर झाली. वाकली तर परत आत.

मिक्सर थांबून थांबून, ५-५ सेकंदच फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं, फळातली साखर मऊ पडते आणि पूड पात्याखाली चिकटून बसते. अननसाचं तर हे हमखास! लिंबू त्यामानानं गुणी. चाळून उरलेला चोथा पुन्हा फिरवायचा.

४ चमचे पुडीला २ चमचे मीठ, अर्धा चमचा मिरपूड. मीठ आधी तव्यावर कोरडं करून, पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. बरणी छोटी आणि घट्ट झाकणाची. तरी गुठळ्या झाल्याच, तर पूड डिहायड्रेटरमध्ये ५० अंशांवर अर्धा तास ठेवून पुन्हा एकदा फिरवा.