जुलै महिना, रत्नागिरी आणि १२८ लिपिड

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मला लिपिड मेम्ब्रेनमधले (पेशीच्या आवरणासारख्या, मेदरेणूंच्या दोन थरांच्या पडद्यातले) रेणू थरातल्या थरात किती वेगाने सरकतात ते मोजायचं होतं. ग्रोमॅक्स, म्हणजे रेणूंची हालचाल संगणकावर गणिताने उभी करणारा प्रोग्रॅम, चालवायला घरचाच, ग्राफिक्स कार्ड बसवलेला डेस्कटॉप होता.

लिपिड म्हणून पीओपीसी नावाचं घेतलं. ते उणे २ अंशांच्या आसपासच वितळतं. डीपीपीसी या दुसऱ्या लिपिडला ४१ अंशांच्या वर तापवलं नाही तर थर थिजलेलाच राहतो. दोन्ही थरांत ६४-६४ रेणू, वर-खाली पाणी, मिळून तीसेक हजार अणू. चार्म-गुई या वेबसाइटवर हे सगळं विनासायास तयार होतं.

खरी परीक्षा वेळेची. गणिताचं एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग), म्हणजे १०० नॅनोसेकंदांना ५ कोटी पावलं! त्यात आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. ग्रोमॅक्स एरवी दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तिथवरच्या कामाची नोंद, लिहितं, मी ते ५ मिनिटांवर आणलं. लाइट आली की तिथूनच पुढे. आजी विचारायची, "रात्रभर घोंघावतोय, दमत नाही का रे तो?"

आधी दर लिपिडमागे क्षेत्रफळ किती येतं त्यावर नजर ठेवली. थराच्या प्रतलातला दाब आणि त्याला काटकोनातला दाब वेगवेगळे सांभाळायचे असतात. आकडा ०.६४ चौरस नॅनोमीटरच्या आसपास स्थिरावल्यावरच मोजायला घेतलं.

आणि इथे मजा आहे. रेणू मूळ जागेपासून किती लांब गेले त्या अंतराच्या वर्गाची सरासरी वेळेसमोर मांडायची. सुरुवातीला हा आलेख झपकन चढतो, पण ते खरं सरकणं नव्हेच. गणपतीतल्या कोकणकन्येत उभा माणूस हलतो खूप, पुढे जात नाही, तसं. पुढे आलेख सरळ रेषेत येतो, तिथला उतार घेऊन चाराने भागायचा, की सरकण्याचा आकडा मिळतो. शिवाय दोन्ही थर एकमेकांवरून अख्खेच घसरतात. प्रत्येक थराचं वस्तुमानकेंद्र वेगळं वजा केलं नाही तर तो प्रवासही रेणूंच्या खात्यात जमा होतो. सरांनीही आधी तेच विचारलं.

एवढं करून उत्तर काय, तर १०० नॅनोसेकंदांत एक रेणू साधारण दोन नॅनोमीटर सरकतो, दोन-तीन शेजारी ओलांडण्याइतका. एका थरातून दुसऱ्यात उलटायला त्याला तास-तास लागतात, ते या खटाटोपात दिसणारच नाही. आता कोलेस्टेरॉल मिसळायचंय. त्याने लिपिड रेणूंच्या शेपट्या ताठ होतात, हालचाल मंदावते, म्हणजे रन आणखी लांबवावा लागणार. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घेतली आहे.